माकडघराच्या कडीबाबत

प्राणिसंग्रहालयातल्या नव्या माकडघराचे काम जवळजवळ पूर्ण झाले होते. जाळी ताणून झाली होती, झोपाळे टांगून झाले होते, भिंतींना जंगलाचा म्हणून एक हिरवा रंग फासून झाला होता, आणि उद्‌घाटनाची फीत कोणत्या रंगाची असावी यावर दोन बैठका होऊन मतभेद कायम ठेवण्याचे सर्वानुमते ठरले होते. अशा वेळी संग्रहालयाच्या प्राणिशास्त्रज्ञ बाई दार बघायला गेल्या. नुसते नकाशावर बघितले असते तर पुढचे काहीच घडले नसते.

बाई कमी बोलणाऱ्या आणि मोजून बोलणाऱ्या. त्यांनी पट्टी काढून जाळीचे भोक मोजले, कडी पुन्हापुन्हा लावून-काढून पाहिली, आपल्या जागेवर परत आल्या आणि प्रकल्पातल्या सगळ्यांना एक चिठ्ठी मेलने पाठवली. ती अशी :

‘नव्या माकडघराच्या दाराची कडी आतूनही उघडते. जाळीतून दोन बोटे बाहेर काढून आधी खिट्टी वर उचलायची, मग दांडा भिंतीच्या बाजूला सरकवायचा, आणि दार बाहेर न ढकलता आत ओढायचे, की झाले. आपल्या माकडांना हे सहज जमेल. कडीवर पत्र्याचे झाकण बसवावे. तोवर माकडांना नव्या घरात नेऊ नये.’

लिहिताना बाईंच्या डोळ्यांसमोर मामी होती. मामी म्हणजे टोळीतली सगळ्यात थोरली माकडीण. तिने आजवर चष्म्याची पेटी, औषधाची बाटली आणि जनावरांच्या डॉक्टरांच्या बॅगेची चेन उघडून दाखवली होती. डॉक्टर शेजारीच उभे होते. संग्रहालयाच्या कुंपणाला लागून हमरस्ता होता आणि त्यावरून दिवसभर अवजड ट्रक धडधडत जात. मामी बाहेर पडली की तिच्या मागोमाग सगळे लेंढार बाहेर पडणार, आणि लेंढाराला रस्ता ओलांडण्याचा अनुभव नव्हता. कडी हा इतरांच्या लेखी किरकोळ मुद्दा असेल. बाईंच्या लेखी तो त्या सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न होता.

चहा थंड व्हायच्या आत सगळ्यांचे अंगठे आले. पिवळे, गुबगुबीत, आश्वासक अंगठे. बाईंच्या जिवात जीव आला.

पुढच्या बैठकीत त्यांनी सहज विचारले, “मग झाकण कधी बसतंय?”

“कसलं झाकण?” आर्किटेक्ट म्हणाले.

“कडीवरचं. मी चिठ्ठी पाठवली होती. तुम्ही अंगठा दिलात.”

“अंगठा म्हणजे मेल पोचला. मेलमध्ये काय पोचलं ते वेगळं.”

“आणि मॅडम,” वकील म्हणाले, “मेलच्या पोटात लिहिलेल्या मजकुराला दस्तऐवज म्हणत नाहीत. दस्तऐवज जोडावा लागतो. जोडलेला नसेल तर तो नुसता पत्रव्यवहार.”

बाईंनी तोच मजकूर फाइलमध्ये घालून जोडला. आर्किटेक्टच्या संगणकात तो फॉन्ट नव्हता. तिथे प्रत्येक अक्षराचा एकेक रिकामा चौकोन झाला. त्यांचे उत्तर तासाभरात आले : ‘जाळीचं ड्रॉइंग मिळालं. चौकोन अगदी एकसारखे आलेत, अभिनंदन. मापं तेवढी टाका.’

हिशेबनिसांनी फाइल उघडली, पण त्यांना ओळी वाचता येत नसत. म्हणजे वाचता येत. पण ज्याला रकाने नाहीत त्यावर त्यांचा विश्वास बसत नसे. ते बायकोला सांगायचे निरोपसुद्धा तक्त्यात लिहीत आणि खाली बेरीज करीत. “मला रकान्यात द्या,” ते म्हणाले. प्रसिद्धी अधिकारी म्हणजे एक हसतमुख मुलगी. तिला सगळे प्रसिद्धीताई म्हणत. ती म्हणाली, “मॅडम, कंटेंट मस्तच आहे, पण पाच ओळी! हल्ली कोण वाचतं हो एवढं? स्लाइड्स करूया ना.” संचालकसाहेबांच्या टेबलावर संगणक होता, पण तो त्यांनी शोभेसाठी ठेवला होता आणि ते त्याच्यावर टोपी अडकवत असत. “मला फोनवर उघडेल असं काहीतरी पाठवा,” ते म्हणाले. “आणि हे बघा, बोटानं सरकवायला लावू नका. एका नजरेत दिसलं पाहिजे.”

पाच जणांना पाच स्वरूपे हवीत हे उघड झाल्यावर साहेबांनी तातडीने योग्य ते पाऊल उचलले. त्यांनी ‘दस्तऐवज स्वरूप निश्चिती समिती’ नेमली. समितीत तेच पाच जण होते. बाईंना निमंत्रित म्हणून बोलावले गेले, म्हणजे खुर्ची मिळेल पण मत नाही.

समितीचा पहिला निर्णय असा झाला की स्वरूप निश्चित होईपर्यंत कोणताही दस्तऐवज कोणीही उघडू नये, नाहीतर एका स्वरूपाला झुकते माप मिळेल.

“अहो, मग मी आत्ताच सांगते,” बाई म्हणाल्या. “दोन वाक्यांचं काम आहे. त्या दाराची कडी आतून—”

“थांबा! थांबा!” वकिलांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. “मॅडम, असं एकदम सांगायचं नाही. मग आम्हाला ते माहीत होतं असं होईल.”

केवढा अनर्थ टळला याची सगळ्यांना एकदम जाणीव झाली. लगेच दुसरा निर्णय झाला : तोंडी सांगितलेली माहिती ही माहिती समजली जाणार नाही, कारण तिला आवृत्ती क्रमांक देता येत नाही.

तिसऱ्या दिवशी हिशेबनिसांनी समितीची वाट न पाहता चिठ्ठी तक्त्यात चढवली. त्यांचा हेतू चांगला होता. वर मथळ्याची ओळ, खाली प्रत्येक वाक्याला एक, शेजारी ‘जबाबदार व्यक्ती’, त्याच्या शेजारी ‘पूर्तता : होय/नाही’. तक्ता सुबक दिसत होता. त्या संध्याकाळी बाई प्रयोगशाळेतून बाहेर आल्या तर जुने माकडघर रिकामे. झोपाळ्याचा टायर एकटाच हलत होता.

बाई तशाच धापा टाकत हिशेबनिसांच्या खोलीत शिरल्या. “माकडं कुणी हलवली?”

“तुमच्याच सांगण्यावरून हलवली. ओळ सहा.” त्यांनी पडदा बाईंकडे वळवला. सहाव्या ओळीत स्वच्छ लिहिले होते : ‘तोवर माकडांना नव्या घरात नेऊ’. शेजारी : ‘पूर्तता : होय’.

बाईंनी रकान्याची कड पकडून ओढली. रकाना रुंद झाला आणि शेजारच्या चौकटीमागून ‘नये’ बाहेर आले, वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखे.

“अरेच्चा!” हिशेबनीस म्हणाले. “होतं की हो. पण रुंदी तेवढी समितीनं आधीच मंजूर केलेली आहे.”

“मग माकडं परत न्या.”

“परत न्यायला नवी ओळ टाकावी लागेल. तक्ता तर आता बंद केलाय. पूर्तता शंभर टक्के दिसतेय बघा. आता उघडला तर ती खाली येईल.”

बाईंनी स्वतः बाजारात जाऊन एक चांगले कुलूप आणले आणि दाराला लावले. दुसऱ्या दिवशी ते नव्हते. वकिलांच्या मते ती नोंद नसलेली वस्तू होती. प्रसिद्धीताईचे म्हणणे वेगळे होते : “फोटोत फार वाईट दिसत होतं हो. माकडं डांबून ठेवल्यासारखी वाटत होती.” बाई वेल्डरकडेही जाऊन आल्या. तो बिचारा पत्रा कापायला तयार होता. पण संग्रहालयात काहीही जोडायचे तर आर्किटेक्टचे ड्रॉइंग लागे, आणि आर्किटेक्ट अजून चौकोनांची मापे येण्याची वाट बघत होते.

शेवटी बाई आपले टेबलावरचे काम उचलून दारापाशी घेऊन गेल्या. कडीसमोर एका स्टुलावर बसून त्या रक्ताचे अहवाल लिहीत. आतून मामी जाळीला नाक लावून बसे आणि त्यांच्या पेनाचे टोपण कसे निघते ते बारकाईने बघे. संध्याकाळी माकडे आतल्या झोपायच्या खोलीत गेली आणि तिचे जुन्या पद्धतीचे दार ओढून घेतले की मगच बाई घरी जात.

घरी सासूबाईंना त्यांचा चेहरा बघूनच कळले.

“काय गं, आज पण माकडंच का?”

“माकडांचं काही नाही हो, आई. माकडं शहाणी आहेत.”

“मग जाऊन तोंडानं सांग ना त्या लोकांना! कडी उघडते म्हणून. त्याला काय मेलबिल लागतंय?”

“तोंडी चालत नाही. आवृत्ती क्रमांक नसतो.”

सासूबाईंनी डोळे बारीक करून सुनेकडे पाहिले आणि मुलाला हाक मारली, “अरे, हिला जरा चहा दे रे, हिचं काहीतरी बिनसलंय.” आतून मुलाचा आवाज आला, “दूध कुठाय?” दूध नव्हते. ते आणायचे म्हणून बाईंनी दुपारीच घरच्या ग्रुपवर टाकले होते. त्याखाली नवरा, दीर, जाऊ, नणंद आणि खुद्द सासूबाई, सगळ्यांचे अंगठे होते.

“मला वाटलं, तो आणेल,” सासूबाई म्हणाल्या.

इकडे समिती झपाट्याने काम करत होती. वकिलांनी चिठ्ठीची सुरक्षित प्रत काढली आणि तिला पासवर्ड घातला. पासवर्ड दुसऱ्या फाइलमध्ये पाठवला. त्या फाइललाही तोच पासवर्ड होता.

“मग उघडायची कशी?” बाईंनी विचारले.

“उघडायची कशाला?” वकील दुखावले. “सुरक्षित आहे ना?”

प्रसिद्धीताईने स्लाइड्स केल्या. पहिल्या स्लाइडवर सूर्योदय होता, दुसरीवर ‘आपण सारे एक टीम’, आणि तिसरीवर खिट्टी उडत उडत येऊन जागेवर बसत होती. स्लाइडमधली खिट्टी खाली दाबायची होती, कारण वर बाण काढायला जागा उरली नव्हती. तक्त्यातला दांडा भिंतीपासून दूर सरकत होता. आर्किटेक्टने चौकोनांवरून काढलेल्या नकाशात दारच नव्हते. मतभेद मिटावेत म्हणून साहेबांनी सगळ्या प्रती एकत्र करायला सांगितल्या, तेव्हा त्या एकत्र केलेल्या फाइलचे वजन इतके झाले की ती पाठवायला घेतल्यावर तिकीट खिडकीचा संगणक बंद पडला आणि दिवसभर लोक फुकट आत आले.

उद्‌घाटन चार दिवसांवर आले तेव्हा साहेबांनी टेबलावर हात आपटला. “बास! हत्तीचा पिंजरा बांधला तेव्हा एवढं झालं नव्हतं. असं एक स्वरूप सांगा, जे सगळ्यांना उघडतं.”

सगळे विचारात पडले. मग प्रसिद्धीताई हळूच म्हणाली, “चित्र?”

समितीच्या इतिहासातला तो सर्वोच्च क्षण होता. चित्राला फॉन्ट लागत नाही. चित्राला रकाने लागत नाहीत. चित्र फोनवर दिसते आणि सरकवावे लागत नाही. वकिलांनी एकच शंका काढली, की ते सर्व संबंधितांना मिळाल्याचे सिद्ध कसे करणार. त्यावर ठरले की चित्र माणसाएवढे मोठे छापून सर्व संबंधितांच्या नजरेस रोज पडेल अशा ठिकाणी उभे करावे. चित्र काढण्याचे आणि जागा शोधण्याचे काम प्रसिद्धीताईकडे दिले.

तिने मन लावून काम केले. ती बाईंकडे येऊन मूळ चिठ्ठीवरून एकेक हालचाल समजून घेऊन गेली; चिठ्ठी खरोखर वाचणारी ती पहिलीच. त्याच संध्याकाळी बाईंच्या फोनवर मंजुरीसाठी चित्र आले. बाई भाजी चिरत होत्या. फोनवर नखाएवढी तीन चित्रे दिसली, खाली ‘कडी : पाहा आणि समजून घ्या’ असे शीर्षक दिसले, आणि बाईंना एकदम भरून आले. अखेर कुणालातरी कळले! फाइल जड होती, उघडायला वेळ लागत होता. बाईंनी ओल्या हातानेच अंगठा टाकला.

उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी पाहणीसाठी सगळे नव्या माकडघरापाशी जमले. बाई झोपायच्या खोलीचे दार उघडून माकडांना मोकळ्या भागात सोडून आल्या आणि वळणावरच थबकल्या.

चित्र सुंदर झाले होते. माणसाएवढे, चकचकीत, जाड रंगीत बाण काढलेले. पहिल्यात बोटे जाळीतून बाहेर येताना, दुसऱ्यात खिट्टीपाशी आणि दांड्यापाशी, तिसऱ्यात दार. बोटे केसाळ काढली होती, विषयाला धरून. आणि ते पिंजऱ्याच्या बरोबर समोर, पिंजऱ्याकडे तोंड करून उभे होते, कारण पाहणीला आलेले सर्व संबंधित तिथूनच ये-जा करत असत. आर्किटेक्ट चित्राच्या पाठीला टेकून फोनवर बोलत होते. हिशेबनीस फितीची लांबी मोजत होते. वकील अंतर राखून उभे होते, न जाणो नजर पडायची. साहेब चित्राचा फोटो काढून तो न बघता पुढे पाठवत होते.

चित्राकडे बघणारे संबंधित एकूण चौदा होते. ते आतल्या बाजूला एका ओळीत बसले होते. पुढे मामी.

“चित्र फिरवा!” बाई ओरडल्या. एवढ्या मोठ्याने त्या आयुष्यात कधी ओरडल्या नव्हत्या. “आधी ते फिरवा!”

“मॅडम, लेखी...” वकिलांनी सुरुवात केली.

मामीने पहिल्या चित्राकडे पाहिले, मग स्वतःच्या बोटांकडे, मग परत चित्राकडे. तिची काही घाई नव्हती. कामाला लागल्यावर तिने मध्ये एकदा थांबून तिसरे चित्र पुन्हा तपासले, एखाद्या मुरलेल्या प्रयोगशाळा सहायकासारखे. मग दार उघडले.

त्यानंतर जे झाले त्याला समितीने पुढे ‘प्रतिसाद’ असे म्हटले. चौदा माकडे बाहेर आली. एकाने वकिलांचा चष्मा घेतला, दुसऱ्याने तो त्याच्याकडून घेऊन हिशेबनिसांना लावला. फीत कुणीतरी तोंडात धरून झाडावर नेली, आणि रंगाचा वाद मिटला. प्रसिद्धीताई किंचाळत होती आणि त्याच वेळी चित्रीकरणही करत होती. “पळा!” साहेब ओरडले. कुठे पळायचे हा प्रश्नच नव्हता. आवारातली सगळ्यात मजबूत जागा कोणती हे प्रत्येकाला पाठ होते. तिच्या मजबुतीवर प्रसिद्धीपत्रक निघाले होते. पाचही जण पाय लावून पळाले, माकडघरात शिरले आणि आर्किटेक्टने दार धाडकन लावून घेतले. कडी पडली.

बाई त्यांच्याकडे बघायलाही थांबल्या नाहीत. त्या रस्त्याच्या बाजूच्या फाटकाकडे धावल्या. पदर कुठे, चप्पल कुठे याचा पत्ता नव्हता. दोन पिल्ले फाटकाच्या गजांवर चढलीच होती. पलीकडून ट्रकचा भोंगा वाजला. त्यांनी दोन्ही पिल्लांना बखोटीला धरून खाली ओढले, फाटक लोटून अडसर घातला आणि प्रयोगशाळेच्या कोटाच्या खिशातला बिस्किटांचा डबा काढून खडखडवला. तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. मामीने मान वळवली. बाई डबा वाजवत जुन्या माकडघराकडे चालू लागल्या आणि त्यांच्यामागे झाडांवरून, छपरांवरून, संचालकांच्या खोलीच्या खिडकीतून एकेक जण उतरू लागले. सगळ्यात शेवटी मामी आली, डोक्यावर साहेबांची टोपी घालून. बाईंनी डोकी मोजली. चौदा. जुन्या दाराला जुने कुलूप लावले, आणि मग त्या तिथेच जमिनीवर बसून थोड्या रडल्या आणि बऱ्याच हसल्या.

त्या परत आल्या तेव्हा पाचही जण आतून खांदे लावून दार ढकलत होते. दार ढिम्म हलत नव्हते.

“बाई! बरं झालं आलात. हे उघडत नाहीये,” साहेब म्हणाले.

“आतून उघडतं, साहेब.”

“काहीतरीच काय! आतून उघडलं असतं तर माकडं बाहेर नसती का आली?” आर्किटेक्ट म्हणाले, आणि मग झाडावर लोंबणाऱ्या फितीकडे बघू लागले.

“समोर चित्र आहे,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी खिशातून फोन काढला, जाळीतून नेम धरून चित्राचा फोटो घेतला आणि सगळ्यांना पाठवला. आतल्या आत पाच फोन वाजले. चार अंगठे आले. पाचवा साहेबांनी स्वतःच स्वतःला दिला. प्रसिद्धीताई तेवढी म्हणाली, “अहो, पण ते मीच काढलंय, थांबा, मला आठवतंय, खिट्टी आधी...” पण वकिलांनी तिला गप्प केले. तोंडी चालणार नव्हते. मग पाचही जण पुन्हा दार ढकलू लागले.

बाईंनी कडीकडे हात नेला. मग काय वाटले कोण जाणे, त्यांनी तो मागे घेतला, आपले स्टूल ओढले आणि त्यावर बसून वही उघडली. दार त्या उघडणारच होत्या. माणुसकी सोडलेली नव्हती. पण माकडांना किती वेळ लागला याची नोंद त्यांच्याकडे होती, आणि तुलनेसाठी दुसरा गट इतक्या सहज पुन्हा मिळाला नसता.

आता राहिलात तुम्ही. हसलात, ते ठीकच. पण चिठ्ठी तुम्हालाही मिळाली होती. सुरुवातीलाच, अख्खी, तुम्हाला वाचता येणाऱ्या अक्षरांत. तिला पासवर्ड नव्हता, चौकोन नव्हते, तिचा एकही शब्द रकान्यामागे लपलेला नव्हता. तर समजा, दार लागले आहे आणि तुम्ही आत आहात. खिट्टी कुठे? दांडा कोणत्या बाजूला?

वर जाऊन बघू नका. आणि अंगठाही नको.